कावेरीला डावीकडं वळता येत नाही

मद्रास, मैलापूर
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजी,

मद्रासहून उमाकांतनं आहे तिथं वाकून, मिरजेकडं तोंड करून घातलेला नमस्कार पावता करून घ्यावा. (मिरज नक्की कुठल्या बाजूला ते मला ठाऊक नाही. समुद्राकडं पाठ केली म्हणजे तोंड आपोआप तुमच्याकडं होतं असं धरून चालतो.) मी इथं खुशाल आहे. आक्काच्या गुडघ्याचं कसं काय? म्हैस व्याली का? गुऱ्हाळ यंदा कधी धरणार? (हे शेवटचं मी सहज विचारतोय असं समजू नका, पण तूर्त तसंच समजा.)

तुमचं पत्र पोचलं. कागलच्या मुलीच्या वडलांनी विचारलंय की मुलगा एका जागी टिकणारा आहे का, आणि तुम्ही मला छातीवर हात ठेवून उत्तर लिहायला सांगितलंत. दाजी, मिरजेचं ग्यारेज मी मालकाच्या शिव्यांमुळं सोडलं. हुबळीचं हॉटेल मालकाच्या गोड बोलण्यामुळं सोडलं. गुंतकलची कोळशाची वखार का सोडली ते आता आठवत नाही, समोरून आगगाड्या जायच्या एवढंच आठवतं. चौथीची शाळासुद्धा मी मधल्या सुट्टीत सोडली, हे आक्का तुम्हाला सांगेल. पण मद्रासला राघोत्तमरावांच्या मोटारीवर मी तीन वर्षं टिकलो, हे त्यांना जरूर कळवा. कसा टिकलो आणि आता काय होऊन बसलंय ते सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल. मला छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही, कागद उडतो.

तर आमचे राव म्हणजे तंजावरकडचे मराठी. शिवाजीमहाराजांच्या भावाबरोबर यांचे पूर्वज इकडं आले ते अजून परतायचेच आहेत. मराठी बोलतात, पण ती ऐकताना जुन्या पोथीला कुणीतरी सांबाराची फोडणी दिल्यासारखं वाटतं. (सांबारही आमच्याच लोकांनी काढलं असं राव म्हणतात. तमिळ माणूस समोर असला की हळू म्हणतात.) राव पेन्शनीत निघालेले, अंगानं काडी, कपाळाला गंध, आणि दुपारच्या झोपेत सुद्धा मोटारीचा आवाज आला तर ती आपली का परकी हे ओळखणारे. त्रिपुरसुंदरीअम्मा म्हणजे त्यांच्या मंडळी. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय रे, गाडी चालवितोस ते असो, दहीभात खातोस की?" मी खातो म्हटलं, तेवढ्यावर नेमणूक झाली.

आणि तिसरी कावेरी. कावेरी म्हणजे मोटार. तंजावरचा कुणी साहेब विलायतेला जाताना रावांना देऊन गेला तेव्हाच ती वापरलेली होती. काळी, उंच, पुढं दोन वाटोळे दिवे, आणि डाव्या बाजूला रबरी फुग्याचा हॉर्न, तो दाबला की म्हशीच्या पारडासारखा आवाज येतो. चढावर ती थांबून विचार करते. पावसात छपराच्या एका ठरलेल्या भोकातून रावांच्या डाव्या खांद्यावरच गळते, म्हणून राव पावसाळ्यात तेवढ्या खांद्यावर टॉवेल टाकून बसतात, भोक बुजवत नाहीत. याचं कारण असं की त्यांची एकुलती मुलगी कनका हिचा जन्म कुंभकोणम आणि तंजावरच्या मध्ये या मोटारीच्या मागच्या सीटवर झाला. त्या दिवसापासून अम्मा मागच्या सीटला बाळंतिणीची खोली म्हणतात आणि तिच्यावर कुणी चपला घालून बसत नाही. आता कनका लग्न होऊन जमशेदपूरला असते, तिचं पत्र आलं तर राव आधी ते मोटारीत बसून वाचतात. दाजी, मी आजवर कुठल्या यंत्रावर जीव लावला नव्हता. पण सकाळी तिला फडक्यानं पुसताना माझी गाणी आपोआप थांबायची आणि बोलणं सुरू व्हायचं. काय बोलायचो ते लिहीत नाही, पत्र आक्का वाचून दाखवणार.

आता अपघात. आपली खंडेनवमी, तिला इकडं आयुधपूजा म्हणतात. आपण नांगराला आणि विळ्याला गंध लावतो, इकडं लोक सायकलीपासून आगगाडीच्या इंजिनापर्यंत सगळ्याला लावतात. कावेरीला न्हाऊ घातलं, दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधले, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मग कोहळा. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, गाडीवरून ओवाळायचा आणि पुढ्यात रस्त्यावर आपटून फोडायचा, म्हणजे वर्षभराची दृष्ट त्याच्याबरोबर फुटते. दरसाल एक फोडतात. यंदा कावेरीचं कौतुक फार झालं होतं (एका लग्नात नवरदेवापेक्षा लोक तिच्याभोवतीच जास्त होते), म्हणून रावांनी तीन फोडायला लावले. मग नवराबायकोत वाद. राव म्हणाले तुकडे बाजूला सारावे, अम्मा म्हणाल्या तुडवल्याशिवाय दृष्ट मरत नाही. शेवटी मध्यममार्ग म्हणून मोठे तुकडे सारले आणि गर तसाच ठेवला.

राव माझ्याशेजारी बसले आणि मी गाडी सोडली. लिंबं फटाफट फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग कावेरी त्या गरावरून अशी निघाली की जणू कुणी बोलावलंय. मी ब्रेक दाबला, ती आणखी निघाली. मी चक्र डावीकडं फिरवलं, ती उजवीकडं गेली. कोपऱ्यावर कोहळेवाला बसला होता, त्याच्यामागं माणसाच्या उंचीची कोहळ्यांची रास, आणि राशीमागं दगडी खांब. कोहळेवाला वेळेवर उडाला, रास उडाली नाही. कावेरी राशीत शिरून खांबाला टेकली आणि उरलेली रास वरून छपरावर, बॉनेटावर, रावांच्या मांडीवर एकेक करत येत राहिली. सगळं थांबल्यावर राव गरातून डोकं काढून पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "उमाकांता, इतके कोहळे कोणत्या गाडीला फुटले असतील कां रे?" साऱ्या गल्लीचं हेच मत पडलं. कावेरीला आता सात जन्म दृष्ट लागणं शक्य नाही, असं म्हणून बायका तिच्यावरच्या गराला हात लावून नमस्कार करून गेल्या. फक्त तिचा एक दिवा फुटला होता, पाण्याची टाकी पिचली होती, आस वाकला होता, ब्रेक गेला होता, आणि पुढच्या चाकांना उजवीकडची जी ओढ लागली ती कायमची.

कावेरीचा विमा होता. तो उतरवला अम्मांच्या भाच्यानं, सेतुमाधवनं. हा कंपनीचा एजंट, सकाळी कंपनीच्या बाजूनं बोलतो आणि दुपारी अम्मांकडं जेवून आमच्या बाजूनं. त्यानं वर्दी दिली आणि कंपनीचा पाहणीवाला आला, नारायणस्वामी नावाचा. सायकलवरून आला, छत्री मिटली, तिण्णैवर (म्हणजे घरापुढच्या ओट्यावर) बसला आणि कागद काढला. हसणं म्हणून नाही. (बोलणं तमिळमध्ये झालं, मी मराठीत देतो. माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं आहे, पण भांडण असलं की समजतं.)

"अपघाताचं कारण?"

"दृष्ट," राव म्हणाले.

"पॉलिसीत दृष्ट नाही."

"मग घाला. कारण तेच आहे."

नारायणस्वामीनं पेन खाली ठेवून विचारलं की रस्त्यावर गर कुणी टाकला. राव म्हणाले आम्ही. गाडी कुणाची, आमची. म्हणजे आपल्याच गाडीपुढं आपणच निसरडं केलंत. मग भरपाई कसली? पॉलिसीत साफ लिहिलंय, मालकानं गाडीची नीट काळजी घेतली पाहिजे. सेतुमाधव जेवून आलेला होता म्हणून धीर करून बोलला, की कोहळा ही काळजीच तर आहे! नारायणस्वामीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं जेवण अंगी लागलं नसावं. तेव्हा राव हळूच पुढं सरकले.

"स्वामी, परवा आपण सायकलीपुढं काय फोडलंत?"

नारायणस्वामी छत्रीची मूठ पुसायला लागला.

"लहानसा," नारायणस्वामी म्हणाला.

"कोहळाच ना?"

"कोहळाच."

"सायकलीची काळजी म्हणून की भाजीला म्हणून?"

नारायणस्वामीनं पेन उचललं आणि लिहिलं (सेतुमाधवनं मागून वाचून सांगितलं) की मालकाने काळजी जरुरीपेक्षा जास्त घेतल्यामुळे अपघात झाला. झालं, भरपाई मंजूर! अम्मांनी सगळ्यांना कॉफी दिली. पण दाजी, खरं संकट त्या कॉफीनंतर सुरू झालं. नारायणस्वामी उठून कावेरीभोवती फिरला, वाकला, ठोकलं, आणि म्हणाला की गाडी इतकी जुनी आहे की दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागेल. तेव्हा कंपनी ती पुरी गेली असं धरून मालकाला पूर्ण पैसे देणार आणि गाडी ताब्यात घेऊन मोडीत काढणार.

रावांनी त्याला हाताला धरून घरात नेलं, कारण हे कावेरीच्या समोर बोलायचं नव्हतं. आत अम्मा म्हणाल्या, "अय्यो! बाळंतिणीची खोली मोडीला घालतेत कां कोणी?" आणि मग दाजी, जगात कुठं झाली नसेल अशी घासाघीस सुरू झाली. कंपनी म्हणे इतके घ्या, राव म्हणत नको, कमी द्या. कंपनी म्हणे गाडी गेली, राव म्हणत आहे. ते म्हणत, जिवंत माणसाचे पूर्ण पैसे घेणं हे पाप आहे. मी आपला बाहेर कावेरीच्या पायरीवर बसून ऐकत होतो. ती गेली तर माझी नोकरी जाणार हे तर झालंच. पण नोकऱ्या मी पुष्कळ सोडल्यात, त्याचं काही नाही. मला कुणी सोडून जायची ही पहिलीच वेळ होती.

शेवटी नारायणस्वामीनं तोड काढली. गाडी आपल्या पायांनी फाटकातून निघून नळाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि आपल्या पायांनी परत फाटकात आली, तर तो तिला जिवंत लिहील. त्या शुक्रवारी परीक्षा ठरली. टाकीला मी साबण आणि गूळ लावला, दिव्याच्या जागी अम्मांनी तांब्याचं ताम्हन बांधलं (एका डोळ्यानं परीक्षेला कशी पाठवायची म्हणून). मागं नारायणस्वामी अनवाणी बसला, त्याच्या बाजूचं दार चेपून निखळत होतं म्हणून ते सुंभानं बांधून टाकलं. पुढं माझ्याशेजारी राव, फुग्यावर हात. हँडल मारलं, एकदा खोकली, दुसऱ्यांदा शिंकली आणि तिसऱ्यांदा चालू झाली! अम्मांनी पदर डोळ्याला लावला. आम्ही निघालो, नळाच्या कोपऱ्यावर पोचलो आणि तिथं मला आठवलं की परत यायचं तर डावीकडूनच वळावं लागतं.

कावेरी उजवीकडं वळली. मी काय करणार? कोपऱ्यावरून निघतो तो थेट कपालीश्वराच्या देवळाच्या रस्त्यावर. देवळाभोवती चार बाजूंना चार रस्ते आहेत, आणि उजवीकडं, उजवीकडं करत गेलं की माणूस देवाला प्रदक्षिणा घालून होता तिथं येतो. तसे आम्ही आलो. आमची गल्ली डाव्या हाताला दिसली आणि गेली. अम्मा गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांनी हात हलवला. ब्रेक तर नव्हताच. "बंद करू?" मी विचारलं. राव ओरडले, "बंद केलीस तर ती पुन्हा उठणार नाही रे!" मग दुसरी फेरी. नारायणस्वामी मागून म्हणत होता मला उतरवा, पण दार बांधलेलं. सेतुमाधव छत्री घेऊन बरोबर पळत होता, फुलवाल्या बायका हसत होत्या. त्यातल्या एकीनं धावत येऊन बॉनेटावर माळ टाकली. मग दुसरीनं टाकली. शुक्रवार, देवळाला गर्दी, आणि ती काळी मोटार एका डोळ्यावर ताम्हन बांधून बैलाच्या चालीनं फेऱ्यावर फेऱ्या घालतेय. लोकांना वाटलं कुणाचा नवस आहे, ते हात जोडून वाट द्यायला लागले. पुढं पुढं मागून आरडाओरडा येईना, म्हणून मी मागं बघितलं. नारायणस्वामी डोळे मिटून, हात जोडून बाळंतिणीच्या खोलीत मांडी घालून बसला होता आणि ओठ हलत होते. फेऱ्या किती झाल्या याच्यावर गल्लीत अजून एकमत नाही.

पेट्रोल संपलं तेव्हा गल्लीचं तोंड चार पावलांवर होतं. डाव्या हाताला. सगळ्यांनी मिळून ढकलत तिला फाटकात आणली, आणि ढकलणाऱ्यांत नारायणस्वामी होता. पण ढकलून आणली ती ढकलूनच आणली, खोटं लिहायला तो तयार होईना. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला की हिला जिवंत लिहिता येत नाही, आणि जिनं मला इतक्या प्रदक्षिणा घडवल्या तिला मोडीत घालायला माझा हात उठणार नाही. तेव्हा कायद्यानं ती मेली, कंपनीची झाली, आणि कंपनी तिचा याच अंगणात लिलाव करील. नियमाप्रमाणं मालकाला आणि मालकाच्या नातेवाइकांना बोली लावता येणार नाही. मोडीवाल्यांना कळवावं लागेल. "आणि लिलावाची वेळ?" सेतुमाधवनं विचारलं. "पुढचा शुक्रवार, पावणेअकरा ते बारा."

घरातले सगळे गार पडले. दाजी, तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाल! इकडं राहुकालात माणूस नवीन चप्पल पायात घालत नाही, खरेदी तर लांबच. सेतुमाधव म्हणाला चूक झाली असेल. नारायणस्वामी छत्री झटकत म्हणाला की हेड ऑफिस कलकत्त्याला आहे, त्यांना राहुकाल माहीत नाही. मग जाता जाता माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "हा ड्रायव्हर कुठला? महाराष्ट्राचा ना? तिकडं राहुकाल पाळतात का?"

त्या शुक्रवारी पुदुपेटचे मोडीवाले आले. चांगले धिप्पाड, हातात नट खोलायचे पाने, मागं हातगाड्या. पावणेअकराला नारायणस्वामीनं बोली पुकारली. मोडीवाले समोरच्या भिंतीच्या सावलीत ओळीनं बसले आणि बाराची वाट बघायला लागले. त्यातल्या एकानं राहवेना म्हणून तोंड उघडलं, तर शेजारच्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. राव आणि अम्मा दार लावून आत बसले, कारण त्यांनाही राहुकाल होताच. अंगणात मी, नारायणस्वामी आणि कावेरी. मी खिशात होतं तेवढं बोललो. नारायणस्वामीनं तीनदा पुकारलं, मोडीवाल्यांकडं बघून आवाज मोठा करून पुकारलं, आणि कावेरी माझी झाली.

बारा वाजून गेल्यावर दार उघडलं. रावांनी सगळं रीतसर केलं. गाडी इथंच ठेवतो म्हटलं, तर दिलेली मुलगी माहेरी राहत नाही म्हणाले आणि कन्यादानासारखं माझ्या हातावर पाणी सोडलं. अम्मांनी मागच्या सीटवर तांदूळ, खण आणि नारळ ठेवून कावेरीची ओटी भरली, आणि मला म्हणाल्या, "हिला खूप चढ लावू नकोस रे, थांबली तर रागावू नकोस." रावांनी फक्त हॉर्न काढून ठेवून घेतला. आता संध्याकाळी तिण्णैवर बसतात आणि दिवे लागले की एकदा फुगा दाबतात.

असो. पत्र लांबलं. आक्काला नमस्कार, म्हशीला वैरण, आणि तुम्हाला काय लिहू, मोठे आहात, समजून घ्याल.

तुमचा,
उमाकांत

ता. क. नोकरी अर्थातच राहिली नाही. मोटारच नाही तर ड्रायव्हर कसला? पण कागलच्या लोकांना सांगा की मुलगा टिकला. जागाच टिकली नाही.

ता. क. २ मी गुऱ्हाळाचं विचारलं होतं ते एवढ्यासाठी की तुमची गुऱ्हाळाची शेड यंदा थोडे दिवस रिकामी ठेवता येईल का. कावेरी मालगाडीनं निघाली आहे. कंपनीनं दिलेल्या पैशांतून रावांनीच तिचं भाडं भरलं, दुसऱ्या कशाला ते पैसे त्यांना लावायचे नव्हते. मिरजेच्या यार्डात बैलजोडी आणि चांगला दोर घेऊन या. संक्रांतीला राव आणि अम्मा तिला बघायला येणार आहेत, हॉर्न घेऊन. दहीभाताची सोय लागेल.

ता. क. ३ वर मद्रास लिहिलंय, कारण सुरुवात तिथं केली. हे शेवटचं गुंतकलच्या यार्डात लिहितोय. इथं रूळ बदलतात म्हणून कावेरीला एका डब्यातून दुसऱ्यात चढवायचं चाललंय, आणि मी तिच्या मागच्या सीटवर बसलोय, चपला काढून. समोर ती जुनी वखार दिसते. मालकानं ओळखलं आणि जागा रिकामी आहे म्हणाला. मी नाही म्हटलं. आगगाड्या अजून तशाच जातात, पण यावेळी मी त्यातल्याच एकीत आहे.

ता. क. ४ कागलच्या मुलीला मोटारीत मागं अनवाणी बसायला चालेल का, ते आडून विचारून ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पत्र मिळताच मिरजेपासून घरापर्यंतचा रस्ता एकदा चालून बघा. डावीकडची वळणं किती आहेत? एक जरी असेल तर दोन बैल पुरायचे नाहीत.